कोपर कानाला

वाडगा फुटला नाही. प्लास्टिकचाच होता, तळाशी सशाचं चित्र असलेला. टेबलाच्या कडेवरून घरंगळला, जमिनीवर दोन उड्या मारून उताणा झाला आणि समुद्री शेवाळाचं सूप खुर्चीच्या पायांपासून थेट दाराजवळच्या बुटांपर्यंत पसरलं. ह्येरीमच्या तोंडून नुसतं "अगं!" एवढंच निघालं, तेही रागाने नव्हे, पोरीला भाजलं तर नाही ना या धास्तीने, आणि भाजण्यासारखं काही नव्हतंच, सूप तिने स्वतःच फुंकून फुंकून निववलं होतं. फडकं घ्यायला ती ओट्याकडे वळली आणि परत फिरली तेव्हा खुर्ची रिकामी होती. दानबी भिंतीशी उभी होती. भिंतीकडे तोंड, पावलं जुळवलेली, दोन्ही हात डोक्यावर ताठ. एका मोज्यातून सूप ठिबकत होतं. चार वर्षांच्या पोरीची पाठ इतकी सरळ असू शकते हे ह्येरीमने आजवर पाहिलं नव्हतं. "दानबी, काय करतेस तिथे?" "उभी आहे." "कुणी सांगितलं उभं राहायला?" "कुणी नाही. सांडलं ना." आणि मग, मान जराही न वळवता, नवं शिकलेलं गाणं म्हणून दाखवावं तशा आवाजात ती म्हणाली, "बघ ना आई, माझं कोपर कानाला लागतं. मला छान येतं."

ह्येरीम तिच्यामागे गुडघ्यांवर बसली, सुपातच बसली, आणि तिने ते दोन्ही हात धरून खाली आणले. हलके होते, लगेच आले. पण सोडल्याबरोबर दानबीने ते पुन्हा वर नेले. "तू ‘झालं’ म्हटलं नाहीस अजून." "झालं," ह्येरीम म्हणाली, आणि तो शब्द असा बाहेर पडला की तिला वाटलं, मागे कुणीतरी उभं आहे. मधे किंचित लांबवलेला, शेवटी खाली सोडून दिलेला. असा तो तिने आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. ऐकला होता. दानबीचे हात तत्क्षणी खाली आले, ती वळली, आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने तिने विचारलं, "आता सफरचंद?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. खरं तर वेळ होता, पण ह्येरीमने तो मोजे बदलण्यात, फरशी पुसण्यात, स्वतःची ओली पँट बदलण्यात घालवला. नवरा, सॉकजू, दक्षिणेला बंदरावरच्या जहाजाच्या कारखान्यात होता आणि शनिवारचा घरी यायचा. बालवाडीच्या प्रतीक्षायादीत दानबीचं नाव लागलेलं होतं आणि लागलेलंच राहिलं होतं. दानबी एक वर्षाची झाल्यापासून ह्येरीम तिला रोज समोरच्या इमारतीत स्वतःच्या आईकडे सोडून विद्यापीठात जात होती. आई एक पैसा घेत नव्हती. उलट जाताना हातात डबा द्यायची. आजही दार उघडताना तिच्या एका हातात डबाच होता आणि दुसऱ्या हाताने तिने दानबीचा कोट काढायला सुरुवातही केली होती. "आज पण उशीर! जा बाई, जा, तुझी सात माणसं खोळंबली असतील. हिने खाल्लं का?" ह्येरीमने तोंड उघडलं. लिफ्टमधून येताना तिने वाक्य तयार केलं होतं, साधं, चार शब्दांचं. दानबी तोवर बूट काढून आजीच्या पायांना बिलगून आत पसार झाली होती, आणि आतून तिळाच्या तेलाचा वास येत होता. "नीट नाही खाल्लं," ह्येरीम म्हणाली. "सांडलं सगळं." "बघते मी," आई म्हणाली.

बघते मी. बसमध्ये ह्येरीम त्या दोन शब्दांना चिकटून बसली. देजॉन शहरातल्या त्या रस्त्यावर गिंकोची झाडं पिवळी होऊन झडत होती, फूटपाथवर फळं चिरडून त्यांचा तो घाण वास बसमध्येही शिरला होता, आणि कुणी उतरलं-चढलं की पुन्हा नव्याने येत होता. ‘सांडलं सगळं’ हे आपण का सांगितलं? चुगली केली का? आत्ता या क्षणी दानबी भिंतीशी उभी असेल का? नसेल. एकदाच्या सांडण्याबद्दल आई दोनदा उभी करत नाही. हे तिला माहीत होतं. हे तिला इतकं नेमकं माहीत होतं की तिने खिडकीच्या काचेला कपाळ टेकवलं. उतरावं आणि परत जावं असं तिला वाटलं, अगदी घंटीच्या बटणाकडे हात गेला. पण सात माणसं खरोखरच खोळंबली होती, आणि ती कंटाळून निघून गेली तर गट मोडतो, गट मोडला की महिना जातो, आणि प्रबंध या हिवाळ्यात गेला नाही तर पुढच्या वर्षी विद्यापीठातली जागा राहील की नाही कोण जाणे. प्रबंध कशावर? आरोपीच्या लहानपणी त्याच्यावर काय गुदरलं हे ऐकून ज्यूरीतल्या माणसांचा निवाडा कसा, कुठे, किती झुकतो यावर. आई सोसायटीत सगळ्यांना सांगायची, "आमची ह्येरीम न्यायाधीशांना शिकवते." ती शिकवत नव्हती. ती काचेमागे बसून बघायची. आणि काचेमागे बसता यावं म्हणून तिने पोरगी जिथे ठेवली होती तिथे बघायला मात्र कुणी नव्हतं. हा विचार आला तेव्हा बस विद्यापीठाच्या फाटकाशी उभी राहिली होती. आज सांगायचं. संध्याकाळी, दारातच, बूट काढायच्या आधी. तिने हे स्वतःला असं सांगितलं की शेजारच्या बाईने वळून पाहिलं.

काचेमागची खोली अंधारी आणि अरुंद होती. तिथे क्वाक मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. ह्येरीमच्या मार्गदर्शक, पन्नाशीच्या, थर्मासमधून सातूचा चहा पिणाऱ्या, कुणाच्याही बोलण्यावर पटकन न हसणाऱ्या. काचेपलीकडे उजेडात गोल टेबल आणि टेबलाभोवती प्रयोगासाठी ज्यूरी म्हणून बोलावलेली सात माणसं, छातीवर एक ते सात आकडे. नाव विचारायचं नाही, धंदा विचारायचा नाही, आणि वय तर मुळीच विचारायचं नाही, असा नियम ह्येरीमने केला होता. कारण वय कळलं की धाकटे गप्प होतात, थोरले बोलत सुटतात आणि निवाडा वयाने थोरल्याचा होतो. नियम दारावर लावलेला होता. चार नंबर, ढेरपोट्या आणि हसरा, बसल्याबरोबर म्हणाला, "वय नाही हो विचारत! नियम म्हणजे नियम. मी आपलं जन्मसालाचा प्राणी विचारतोय. मी वाघाच्या सालचा. तुम्ही?" "डुक्कर," पाच नंबर ओशाळून म्हणाला. "म्हणजे आमच्याहून धाकटे! या धाकटेबुवा, पाण्याचे पेले भरा बघू." सगळे हसले. सात नंबरची बाई जांभळं, कापूस भरलेलं जाकीट घालून आली होती. ती हळूच म्हणाली, "मी ससा," आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून दर बारा वर्षांनी येणाऱ्या सशांपैकी हा कुठला ते सगळ्यांनी मनातल्या मनात काढलं आणि बसल्या जागी जरासे वाकले. "तुम्हीच बसा मुख्य पंचाच्या खुर्चीत, मावशी." "नको रे बाबा. वाघ असताना ससा कशाला?" मग वाघच बसला. "संपला तुझा नियम," काचेमागे क्वाक मॅडम म्हणाल्या. एरवी ह्येरीमला हसू आलं असतं. सात नंबरची बाई तिच्या आईच्याच वयाची होती. तिची बसायची रीतही तशीच, खुर्चीच्या पुढच्या काठावर, कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं अशी.

खटल्याची चित्रफीत त्यांची बघून झाली होती. खटला ह्येरीमने स्वतः लिहिला होता: फर्निचरच्या कारखान्यातल्या एका कामगाराला मुकादम सगळ्यांदेखत फैलावर घेतो, कामगार त्याला जिन्यावरून ढकलतो, मुकादमाचं कंबरेचं हाड मोडतं. ढकललं हे कबूल. जाणूनबुजून की भान सुटून, आणि शिक्षा किती, हे पंचांनी सांगायचं. खटला एकच, पण आरोपीचं बालपण तीन प्रकारचं. ‘ख’मध्ये बाप पट्ट्याने मारतो. ‘ग’मध्ये जे होतं ते लिहायला ह्येरीमने कोर्टाची जुनी कागदपत्रं महिनोन् महिने वाचली होती आणि त्या दिवसांत ती रात्री उठून दानबी श्वास घेते आहे ना ते बघायची. ‘क’मध्ये काहीच नाही. ‘क’ म्हणजे साधं बालपण, ज्याच्याशी बाकीची दोन ताडून पाहायची. ते तिने एका दुपारी लिहून टाकलं होतं. आजचा गट ‘क’चा होता. सरकारी वकील झालेला नाट्यशाखेचा विद्यार्थी त्यात म्हणायचा: "आरोपीचं घर चारचौघांसारखं होतं. आईवडील शिस्तीचे. चूक झाली तर भिंतीकडे तोंड करून, हात वर करून उभं राहायचं, एवढंच. त्याच्या अंगाला कधी कुणी बोटही लावलं नाही." हे वाक्य ह्येरीमने शंभरदा ऐकलं असेल. आज ते चित्रफितीतून आलं तेव्हा तिच्या मांडीला ओल्या सुपाचा गारवा जाणवला, पँट बदललेली असूनही.

बालपण लिहायचं म्हणून तिने काहीतरी साधं शोधलं होतं. कुठे शोधलं? ते तिला आता, अंधारात, त्या वाक्याच्या आत उभं राहून दिसत होतं. फिकट हिरव्या बांबूच्या पानांचा भिंतीचा कागद. जिथे दोन पट्टे जोडले होते तिथे एक पान कापलं गेलं होतं आणि त्याचा उरलेला अर्धा भाग अंगठ्याएवढा खाली चिकटला होता; ती तेवढंच बघत राहायची आणि डोळ्यांनी ते अर्धं वर उचलून जागेवर बसवायची. मागे भाऊ टीव्हीवर कार्टून बघत असायचा. स्वयंपाकघरात आई शेवाळाचे पापुद्रे तिळाचं तेल लावून भाजत असायची. आधी बोटं गार पडायची, मग दंडात मुंग्या, मग हात जड, आणि मग, हेच चमत्कारिक होतं, हात आपले राहायचेच नाहीत, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखे वरच असायचे. कोपर कानापासून सुटलं की आईचा आवाज यायचा. ओरडून नाही, नावाने नाही, फक्त "कोपर." आणि मग केव्हातरी "झालं." मग आई जवळ घेऊन दंड चोळायची, तिचे तळवे पापुद्रे भाजून ऊन झालेले असायचे, आणि सालाची अखंड लांब वेटोळी काढून सफरचंद द्यायची. ते सफरचंद इतकं गोड लागायचं की पुढे कितीतरी वर्षं ह्येरीमला आठवायचं ते सफरचंदच. मैत्रिणींना ती सांगायची, आमची आई मारायची नाही कधी, सफरचंद द्यायची. ‘ग’ लिहायला महिने लागले होते. ‘क’ला एक दुपार, आणि ती लिहितानाही तिच्या नाकात तिळाच्या तेलाचा वास होता.

काचेपलीकडे वाघ रंगात आला होता. "मी म्हणतो, बापाने चामडी लोळवली असती तर समजू शकतो. पण हा? चांगल्या घरचा पोरगा. हात वर करून उभा राहिला म्हणे! आम्ही काय कमी उभे राहिलो? आम्ही ढकललं कुणाला?" "आमच्याकडे डोक्यावर पाण्याचा वाडगा असायचा," पाच नंबर म्हणाला. "सांडला की पुन्हा पहिल्यापासून." "वाडगा? चैन होती तुमची. आमच्याकडे पाटी-पुस्तकांचं दप्तर!" "शाळेत की घरी?" "दोन्हीकडे. घरी मोठं दप्तर." हसू उसळलं. सहा नंबरचा पोरगा, नुकतीच लष्करातली सक्तीची नोकरी आटोपलेला, तोवर गप्प होता. तो म्हणाला, "आमचं असं असायचं," आणि त्याने बसल्या जागी हात वर केले. "हॅ! असं नाही," वाघ म्हणाला, "लाडावलेली पिढी. कोपर वाकलंय तुझं. कोपर कानाला!" आणि त्याने स्वतः करून दाखवलं, ढेरीवरचा सदरा वर गेला. मग दोन नंबरची चष्मेवाली हसत हसत उठली, "आमची आई तर बोटंसुद्धा जुळवायला लावायची," मग पाच, मग एक, मग तीन, आणि बघता बघता त्या गोल टेबलाभोवती सात मोठी माणसं हात वर करून, एकमेकांची कोपरं बघत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. कुणालाही शिकवावं लागलं नव्हतं. "रंगला गट," क्वाक मॅडम पुटपुटल्या. त्या अंधाऱ्या खोलीत ह्येरीमला एकदम वाटलं, काचेपलीकडे दानबी आहे, सात वेळा.

हात खाली आले, हसू ओसरत आलं, आणि सात नंबरची बाई शेवटचं हसू पुसत म्हणाली, "माझा मुलगा ना, हा एवढा उंच. दाराच्या चौकटीला डोकं लागतं. पण माझ्याकडे आला की वरच्या फळीवरची बरणी काढून देत नाही. बायकोला हाक मारतो. सून माझ्यासारखीच बुटकी, बिचारी स्टुलावर चढते. आम्ही त्याला आळशी म्हणतो, खूप हसतो." कुणीतरी हसलंही. "परवा सून म्हणाली, आई, आमच्या घरी ते काढतात हो. वरची बरणी, माळ्यावरच्या चटया, सगळं. फक्त तुमच्या स्वयंपाकघरात नाही." तिने जाकिटाची चेन थोडी वर ओढली, पुन्हा खाली घेतली. "आत्ता हात वर केला तेव्हा आठवलं बघा. ओट्याशेजारचीच ती भिंत. वकील म्हणाले ना, चारचौघांसारखं घर. आमचंही चारचौघांसारखंच आहे."

वाघाने घसा खाकरला, पाणी प्याला, आणि खुर्चीवर बसवलेल्या माणसाने करायचं ते केलं. "बरं तर, मतं घेऊन टाकू. जाणूनबुजून ढकललं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर." एकही हात वर गेला नाही. मत नव्हतं असं नाही; मघापर्यंत सगळ्यांचं मत एकच होतं. पाच नंबरचा हात टेबलावरून बोटभर उचलला गेला आणि पेल्याशी जाऊन थांबला. सहा नंबरच्या पोराने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. ते एकमेकांकडे बघत होते आणि बघत नव्हते. शेवटी दोन नंबर म्हणाली, "आपण तोंडानेच सांगू या का?" "हो, हो, तोंडानेच," वाघ घाईघाईने म्हणाला. मग एकेकाने तोंडाने सांगितलं, आणि ते एकमुखी नव्हतं.

"हा गट बाद," क्वाक मॅडमनी थर्मासचं झाकण लावलं. "सात नंबरने घरची गोष्ट आणली. मत तिथे फिरलं." "गट नाही मॅडम," ह्येरीम म्हणाली. "‘क’ बाद आहे." बोलून गेल्यावर तिला कळलं की हेच म्हणायला ती सकाळपासून निघाली होती. "काय बोलतेस? वर्षभर ‘क’ दाखवतोय आपण. आधी लोकांकडून तपासूनही घेतलं होतं. सगळ्यांनी साधं बालपण असंच म्हटलं." "कुणाला विचारलं आपण, मॅडम? ज्यांची कोपरं कानाला लागतात त्यांनाच." मॅडम समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "हे बघ, आपल्याला खरं-खोटं शोधायचं नाही. लोक ज्याला साधं म्हणतात ते साधं. आपण त्यांचं डोकं मोजतोय, त्यांचं बालपण नाही. ‘क’ काढलास तर वर्ष गेलं. पोर आहे तुझ्या पदरात." "म्हणूनच." "लिहिलं कुणी होतं ते?" "मीच. आमच्या घरचं आहे." काचेपलीकडे माणसं कोट घालत होती, वाघ सात नंबरच्या बाईला, "सांभाळून जा मावशी," म्हणत होता. क्वाक मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा एक तळहात दुसऱ्या दंडावर होता आणि सावकाश, खालून वर, फिरत होता. त्यांना ते ठाऊक नसावं. "उद्या बोलू," त्या म्हणाल्या. "उद्याही मी हेच म्हणेन," ह्येरीम म्हणाली.

ती दुपारीच निघाली. भीती होतीच, किंबहुना सकाळपेक्षा जास्त. वर्ष गेलं हे आता नुसतं बोलणं राहिलं नव्हतं. आईला सांगितलं आणि आई म्हणाली, मग सांभाळ तुझी तू, तर? सॉकजूची नोकरी तिकडे, पाळणाघर संध्याकाळपूर्वी बंद होतं, प्रबंध तर पहिल्यापासून पुन्हा. प्रत्येक ‘तर’ तिने बसमध्ये पुढे ठेवून बघितला आणि प्रत्येकाच्या पलीकडे तिला ती सरळ पाठ दिसली, आणि तो आवाज ऐकू आला: मला छान येतं. पोर रडली असती तर एवढं वाटलं नसतं. ती शाबासकी मागत होती. समोरच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ह्येरीमने चार शब्दांचं वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं.

"एवढ्या लवकर? बरं नाही का?" आईच्या हातात चिमटा होता, आत तव्यावर शेवाळाचा पापुद्रा. दानबी उबदार जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. ह्येरीमने बूट काढले नाहीत. "आई, दानबीला उभं करू नकोस." आईला कळायला वेळ लागला नाही, तिने आत जाऊन गॅस बंद केला आणि परत आली. "तिने सांगितलं?" "सांगितलं नाही. करून दाखवलं." "हं. मग? बोट लावलंय का मी तिला? तुला तरी लावलं होतं कधी?" "नाही लावलंस." "माझा बाप ओढ्यावरून माझ्याच हाताने छडी आणायला लावायचा. बारीक आणली तर परत पाठवायचा. पोटऱ्या बघ माझ्या. तुम्ही दोघं झालात तेव्हा मी ठरवलं, यांच्या अंगावर हात टाकायचा नाही. नाही टाकला. सगळी सोसायटी मुलांना बडवत होती तेव्हा मी नाही टाकला." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "आणि तू मला शिकवायला आलीस. पुस्तकातलं." ह्येरीमला ठाऊक होतं की हे सगळं खरं आहे. हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं आणि आता, नेमकं आता, तिला आईचे दंड चोळावेसे वाटले. तसं केलं तर वाक्य विरघळेल हेही तिला कळत होतं. "तू छडी सोडलीस," ती म्हणाली. "मी हे सोडतेय. मला पटवून नको देऊस आई, मी आज त्यासाठी नाही आले. हे होणार असेल तर ती उद्यापासून येणार नाही. मी काम सोडेन."

"सोड मग!" आई म्हणाली, आणि लगेच, तिच्या नेहमीच्या टोमण्याच्या सुरात, कारण दुसरा कुठला सूर तिला त्या क्षणी सापडला नसावा, "ओरडायचं नाही, मारायचं नाही, उभं करायचं नाही. मग पोरीने सूप सांडलं की काय करायचं? आहे का तुमच्या पुस्तकात? सांग ना. एवढी न्यायाधीशांना शिकवतेस." ह्येरीमने आठवून पाहिलं. एवढं वाचलं होतं, पट्टे, काठ्या, कोंडून ठेवलेल्या खोल्या, मोठेपणीची स्वप्नं. सूप सांडलं तर काय करायचं हे कुठेच नव्हतं. "फडकं द्यायचं तिच्या हातात," ती म्हणाली. "चार वर्षांच्या पोरीच्या? ती पुसेल? आणखी पसरवेल." "पसरवू दे." "आणि जमीन?" "मग तू पूस. किंवा मी पुसेन." गॅस बंद केला तरी तापलेल्या तव्यावर राहिलेला पापुद्रा करपल्याचा वास दारापर्यंत आला होता आणि दोघींपैकी कुणीही हललं नाही. दानबीने चित्रावरून मान उचलली, आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि खडू खाली ठेवून हळूच भिंतीकडे सरकू लागली. आईने ते पाहिलं. ह्येरीमने पाहिलं की आईने पाहिलं. "अगं, तू कुठे?" आई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "तू काही नाही केलंस. बस तिथेच. चित्र काढ तू."

डबा तिने दिलाच. करपलेला पापुद्रा बाजूला काढून चांगले तेवढे भरले, सफरचंद घालायला गेली, हातातच धरून थांबली, आणि न घालताच झाकण लावलं. दाराशी दानबीचा कोट चढवताना ती ह्येरीमकडे न बघता म्हणाली, "उद्या किती वाजता आणतेस?" ह्येरीमला घाईने हो म्हणायचं नव्हतं. "सांडलं तर?" तिने विचारलं. आई कोटाचं वरचं बटण लावत होती. ते लागत नव्हतं, तिची बोटं तेलकट होती. "तर काय," ती म्हणाली, "फडकं." मग बटण लागलं. "उद्या मी पण थांबेन थोडा वेळ," ह्येरीम म्हणाली. "परवा पण. बघेन." "बघ की," आई म्हणाली, "घर तुझंच आहे." त्यात राग होता, आणि दार तिने नेहमीपेक्षा सावकाश लावलं.

लिफ्टमध्ये दोघीच होत्या. ह्येरीमच्या एका खांद्याला बॅग, एका हातात डबा, डोक्यात उद्याच्या क्वाक मॅडम, नव्याने लिहायचं साधं बालपण. आणि खरोखर साधं म्हणजे कसं ते कुणाला विचारायचं, हा प्रश्न. आपल्याला ते माहीत नाही. ते तयार करावं लागेल, आधी घरात, मग कागदावर. लिफ्ट खाली येत होती. दानबी समोर येऊन उभी राहिली, तिच्याकडे तोंड करून, आणि तिने दोन्ही हात सरळ वर केले.

काय सांडलं, काय चुकलं, आपण काही बोललो का, चेहऱ्यावर काही दिसलं का; हे सगळं एका मजल्याच्या आत ह्येरीमच्या मनात येऊन गेलं. मग तिला दिसलं की कोपरं वाकलेली आहेत, कानापासून चांगली लांब, आणि बोटं उघडझाप करताहेत. "घे ना गं," दानबी म्हणाली. "पाय दुखले."

ह्येरीमने डबा खाली ठेवला, बॅग खाली टाकली, आणि ते हात आपल्या गळ्याभोवती पडेपर्यंत ती वाकली.